दिग्या, त्याचा पाय वरच होता

दिग्या,

परवा तुझ्या शोकसभेत मी बोललो. चांगलं बोललो, असं सगळे म्हणाले. मंडळाच्या कार्यालयात खुर्च्या कमी पडल्या, पोरं जिन्यावर उभी होती. मी घसा साफ केला आणि पहिलंच वाक्य टाकलं, "आपला बोटवाला गेला." दोघाचौघांनी रुमाल काढले. वहिनी पुढच्या रांगेत होत्या. त्या उठल्या, पदर सावरला आणि घरी निघून गेल्या. लोकांना वाटलं, बाईला आवरलं नाही. मला मात्र त्यांची पाठ बघूनच कळलं, की आपण आता परत एकदा केलं. आठ वर्षांपूर्वी केलं होतं तेच.

तुला यातलं सगळं ठाऊक आहे. तरी पहिल्यापासून सांगतो, कारण चाळीतल्या लोकांना अर्धंच माहीत आहे, आणि ते अर्धं चुकीचं आहे.

माझं टी. वाय.चं वर्ष. घर दहा बाय बाराचं आणि माणसं सात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ह्याचा मला माज होता, आजही थोडा आहे, लपवत नाही. पण अभ्यासाला जागा नव्हती. तू दहावीला दोनदा बसून, दोनदा आपटून, लालबागच्या गणपती कारखान्यात कामाला लागला होतास. तूच म्हणालास, "ये की कारखान्यात. मूर्ती काय बोलत नाहीत." मग रोज दुपारी मी पुस्तक घेऊन यायचो. सगळीकडे पांढरी पूड. तू पॉलिशपेपरने कुठल्यातरी गणपतीचं पोट घासत बसलेला. कोणी मोठ्याने बोललं की ओरडायचास, "ए, गप रे! मध्याचा अभ्यास चाललाय!" तुझ्या मालकालासुद्धा तू एकदा तसंच गप्प केलंस. मग जीभ चावलीस. मालक हसले, पण गप्प बसले खरे.

त्या वर्षी आम्हाला एक इंग्रजी कविता होती. परदेशातली, शंभर वर्षांपूर्वीची, ना यमक ना चाल. मी ती घोकत होतो आणि डोकं धरून बसलो होतो.

"काय रडतोयस रे एवढा?"

"कविता आहे. सोळा मार्कांना येते, आणि डोक्यात काय घुसत नाही."

"मग सांग की मराठीत. बघू तरी."

मी सांगितली. एक माणूस नदीच्या धक्क्यावर उभा आहे. हातात तिकीट. बोट येते, घंटा वाजते, तो पाय उचलतो. मग त्याला वाटतं, बोटीत कोण असेल, आपल्याला बघून काय म्हणतील, कोट बरा आहे ना आपला. तेवढ्यात बोट सुटते. पुढची येते. परत तेच. प्रत्येक कडव्यात त्याची टोपी जुनी होत जाते, केस पिकतात, घंटा वाजवणारा माणूस जाऊन त्याचा मुलगा घंटा वाजवायला लागतो. शेवटी परत एक बोट येते आणि तो पाय उचलतो.

"मग?"

"मग काय? संपली."

"पाय?"

"पाय वरच. कविता तिथेच संपते."

तू घासायचं थांबलास. "आणि तुझं गाइड काय म्हणतं?"

"म्हणतं, हा माणूस भित्रा आहे. त्याला आयुष्यभर निर्णय घेता आला नाही. आधुनिक माणसाचं प्रतीक."

"गाइड लिहिणाऱ्याने कधी आखणी केलीय का?"

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटणं. ते काम सगळ्यात शेवटी होतं आणि ते कोणालाही देत नाहीत. तुला तेव्हा नुकतीच घरगुती, वीतभर मूर्तींची आखणी करू देत होते. तू बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवलास, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवलीस आणि ब्रशचं टोक डोळ्यापासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर नेऊन थांबवलंस. श्वास बंद. मीही बंद केला, उगाच.

"मी आता काय करतोय?" ओठ न हलवता विचारलंस.

"काही नाही."

"काही नाही? अरे, सगळं काम आत्ताच चाललंय. एकदा टेकला की संपलं." आणि टेकवलास. एका दमात पापणी, बुबुळ, वर पांढरा ठिपका. गणपती माझ्याकडे बघायला लागला. "घाबरलेल्या माणसाचा पाय जमिनीवर असतो, मेल्या. ह्याचा वर आहे. म्हातारा झाला तरी वर आहे. आणि तुझं गाइड त्याला भित्रा म्हणतं!"

"हे पेपरात लिहिलं तर शून्य मिळेल."

"मग नको लिहू. पण मनातनं खोडू नको."

मी गाइडमधलं लिहिलं. फर्स्ट क्लास आला. मी बी. ए. झालो तेव्हा पेढे तू वाटलेस, कारखान्यात, नाक्यावर, ज्याच्याशी बोलणं बंद होतं त्यालासुद्धा. जणू पास तू झाला होतास. माझ्या बापाला जेवढा आनंद दाखवता आला नाही तेवढा तू दाखवलास.

पुढे मी एम. ए. केलं, दादरच्या एका कॉलेजात शिकवायला लागलो आणि तीच कविता वीस-बावीस वर्षं शिकवली. भित्रा माणूस, निर्णय घेता येत नाही, प्रतीक. पोरं लिहून घ्यायची. तू तोवर मोठ्या मूर्तींचा आखणीवाला झालास. वीस फुटांची मूर्ती, भोवती बांबूंची परांची, आणि तू चड्डी-बनियनवर तिच्या नाकाशी उकिडवा बसलेला. खाली शंभर माणसं असली तरी तेवढ्या वेळात चिटपाखरू बोलायचं नाही. आणि उतरल्यावर तू कधी वर वळून बघितलं नाहीस. मी विचारलं तर म्हणालास, "आता ते बघतायत. मी कशाला बघू?"

दरवर्षी गणपतीच्या आधी आपला तो ठरलेला संवाद व्हायचा.

"काय प्रोफेसर, तो तुझा धक्क्यावरचा अजून भित्राच?"

"अजून भित्राच. सिलॅबस बदललेला नाही."

"बदला रे. म्हातारा झाला बिचारा."

हसायचो. मला वाटायचं, ही आपली गंमत आहे. तू ती गंमत म्हणून विचारत होतास की नाही, हे मी तुला कधी विचारलं नाही.

आता आठ वर्षांपूर्वीचं ते आगमन. ज्या दिवशी आपल्या मंडळाची मूर्ती कारखान्यातून वाजतगाजत मंडपात न्यायची होती, तो दिवस. मूर्ती पूर्ण, रंग सुकलेला, फक्त डोळे बाकी. बाहेर ट्रॉली लागलेली, ढोल-ताशा तयार, पोरांनी एकसारखे टी-शर्ट घातलेले. मी मंडळाचा सल्लागार, म्हणजे स्मरणिकेतला मजकूर लिहिणारा आणि पाहुण्यांशी इंग्रजीत बोलणारा. तू परांचीवर चढलास, ब्रश नेलास आणि थांबलास. नेहमी थांबायचास तसाच. पण या वेळी हात मागे घेतलास. परत नेलास. परत मागे. तीनदा, चारदा. पोरं चुळबुळायला लागली.

"सर, काका थांबले का हो? मुहूर्त जाईल."

मला तेव्हा फक्त "थांबा रे" म्हणायचं होतं. तेवढं पुरलं असतं, पोरं माझं ऐकायची. पण माझ्या हातात माईक होता, समोर गर्दी होती, आणि शिकलेल्या माणसाला माईक दिला की काय होतं ते तुला माहीत आहे. मी त्यांना कविता सांगितली. दोन मिनिटांत, नक्कल करून. बोट येते, पाय उचलतो, परत ठेवतो. केस पिकले तरी धक्क्यावरच. आणि वर हात करून म्हणालो, "तोच आपला दिग्या! बोटवाला!"

असा हशा आणि टाळ्या मला वर्गात कधी मिळाल्या नव्हत्या. मग पोरांनी ताशाच्या तालावर धरलं, बोटवाला, बोटवाला.

तू खाली बघितलंस. पोरांकडे नाही. माझ्याकडे. रागावला नव्हतास. आपलं माणूस गर्दीत शोधतो ना, तसं बघितलंस. मग वळलास आणि ब्रश टेकवलास.

डावा डोळा छान आला. उजवं बुबुळ नाकाकडे सरकलं. तू पुसलंस, परत काढलंस, पुसल्याचा डाग राहिला. मालकांनी दुसऱ्या कारागिराला वर पाठवलं आणि तू उतरलास. त्या दिवशी, पहिल्यांदाच, उतरल्यावर तू वर वळून बघितलंस.

पुढच्या वर्षी तू परांचीवर चढला नाहीस. "डोळ्याला कमी दिसतं रे," म्हणालास. रंग कालवायला लागलास, साचे धुवायला लागलास. चाळीत मात्र गोष्ट पसरली की दिगंबर ऐन वेळी कचरला, हिंमत गेली त्याची. आणि नाव चिकटलं. त्या वेळी जन्मलेली पोरंसुद्धा तुला बोटवाले काका म्हणायची. त्यांना वाटायचं, तू पूर्वी कुठेतरी बोटीवर होतास.

मी एकदाही कोणाला अडवलं नाही.

दोन वर्षांनी परळला हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये आपण नंबर यायची वाट बघत बसलो होतो. कंपवात आहे, हे तोवर ठरलं होतं. तुझा उजवा हात मांडीवर आपला आपण नाचत होता आणि तू डाव्या हाताने तो दाबून धरला होतास. तू विचारलंस, "त्या धक्क्यावरच्याचं काय रे?"

मी म्हणालो, "सोड ना आता."

"सोड काय? मला आता कळलाय तो. तेव्हा अर्धाच कळला होता. अरे, पाय वर धरायचा म्हणजे ताकद लागते. जवान असताना धरवतो. वय झालं की थरथरतो. मग माणूस खाली ठेवतो. थरथर जायची वाट बघतो, परत उचलतो. बाहेरच्याला वाटतं, घाबरला." मग हाताकडे बघून म्हणालास, "ही येते आणि जाते. त्या दिवशी पण आली होती. जायची वाट बघत होतो मी. अजून दोन मिनिटं मिळाली असती ना..."

तेवढ्यात नंबर पुकारला. तू उठलास. मी तुझी फाइल घेऊन मागून आलो. ते वाक्य तू कधी पुरं केलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. मला भीती होती की तू ते पुरं करशील.

आता यापुढचं तुला माहीत नाही. किंवा असेल. तेच तर मला कळत नाहीये.

त्यानंतर एका कॉलेजात सेमिनार होता. मी त्या कवितेवर निबंध वाचला. म्हणालो, की आजवर आपण या माणसाला भित्रा ठरवत आलो, पण त्याचा पाय वर आहे. भ्यालेल्याचा पाय जमिनीवर असतो. हे थांबणं म्हणजे कामाचाच भाग, आणि वय झालं की तेच थांबणं थरथरीसारखं दिसतं, पाहणाऱ्याला ते भ्याडपण वाटतं. मग टाळ्या. एक मोठे प्राध्यापक जवळ येऊन म्हणाले, "हे तुम्हाला सुचलं कसं?"

मी म्हणालो, "शिकवता शिकवता."

दिग्या, दोनच शब्द होते. त्या जागी तुझं नाव बसलं असतं. मला लाज वाटली, म्हणून घेतलं नाही. चोरीची नव्हे, ती लाज नंतर आली. तेव्हाची लाज वेगळी होती. एवढ्या इंग्रजी बोलणाऱ्या माणसांत मी कसं सांगू, की हा अर्थ लालबागच्या कारखान्यात, दहावी नापास माणसाने, गणपतीचं पोट घासता घासता लावलेला आहे? मी स्वतः कुठून आलो हे भाषणात सांगताना माझी छाती फुगते. पहिला पदवीधर, दहा बाय बारा, सगळं सांगतो. तुझ्यावर आलं की मात्र तोंड बंद.

तो निबंध कॉलेजच्या नियतकालिकात छापून आला. कोणीतरी तुला सांगितलं. तू गॅलरीत खुर्ची टाकून बसला होतास, मी कॉलेजची बॅग घेऊन चाललो होतो.

"काय छापून आलंय म्हणे तुझं?"

"असंच. इंग्रजीत आहे. तुला नाही कळणार."

तू मान हलवलीस. "बरं," म्हणालास. एवढंच.

दरवर्षी ठरवायचो, या गणपतीला सांगू. मग वाटायचं, दिग्याची तब्येत बरी नाही, दिवाळीला सांगू. मग माझ्या मुलीचं लग्न निघालं, मग तू बोलताना अडखळायला लागलास, मग वाटलं, आता कशाला त्याला त्रास. ह्याला वाट बघणं म्हणत नाहीत. माझा पाय जमिनीवर होता, चांगला घट्ट. त्या कवितेतला माणूस तू नव्हतास, आणि मीही नव्हतो. माझ्यासारख्यावर कोणी कविता लिहिणार नाही.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेलो. त्या तुझे शर्ट घडी करून पिशवीत भरत होत्या. प्रत्येकावर कुठेतरी रंगाचा डाग.

"बसा भावोजी. चहा टाकते."

"नको वहिनी."

"मग एक सांगा. तुम्ही शिकलेले आहात." शर्ट हातातच ठेवून त्यांनी विचारलं, "हे घाबरायचे का हो?"

"कोण म्हणतं?"

"सगळी चाळ म्हणते. बोटवाला म्हणजे काय, ते मी एकदा पोरांना विचारलं होतं. म्हणाले, काकी, ऐन वेळी कचरतो त्याला म्हणतात. मग ह्यांना विचारलं. हे काय म्हणाले माहितीये? म्हणाले, अगं, मध्याची कविता आहे ती. चांगली आहे. त्याला काही बोलू नकोस."

मी खाली बसलो. आणि सांगितलं. माईक, नक्कल, परळचा पॅसेज, सेमिनार, "तुला नाही कळणार", सगळं. कविता त्यांना दोन वाक्यांत सांगावी लागली. त्या रडल्या नाहीत. मला वाटलं होतं रडतील, मग मीही रडेन आणि बरं वाटेल. त्यांनी शर्टाची घडी पुरी केली.

"मग हे जिवंत असताना का नाही सांगितलंत?"

मी म्हणालो, "वहिनी, मी ह्याच्यावर लेख लिहितो. यंदाच्या स्मरणिकेत देतो. सगळं खरं लिहितो."

"लिहा. पण स्मरणिका कोण वाचतं? जाहिरातीत आपलं नाव आहे का बघतात आणि त्या पानांत भजी बांधतात." मग शर्ट पिशवीत टाकून म्हणाल्या, "चाळीच्या तोंडाशी फळा आहे ना? हे गेल्याचं सगळ्यांनी तिथेच वाचलं. तिथे लिहा."

मी एकोणतीस वर्षं फळ्यावर लिहितोय, दिग्या. आज सकाळी पहिल्यांदा हात जड झाला. लोक दुधाच्या पिशव्या घेऊन जात होते, शाळेची पोरं निघाली होती. मी तुझ्या निधनाच्या बातमीखाली लिहिलं, "दिगंबर घाबरला नव्हता. त्याच्या हाताला आजाराची थरथर होती आणि तो ती थांबायची वाट बघत होता. बोटवाला हे नाव मी ठेवलं. थट्टा मी केली. नंतर त्यानेच सांगितलेला कवितेचा अर्थ मी माझा म्हणून छापला." खाली सही केली.

मंडळाचा सेक्रेटरी आला. त्या दिवशी ताशावर तोच होता. त्याने वाचलं, डोकं खाजवलं.

"सर, हे... पुसायचं नाही ना? नाही म्हणजे, उद्या पाणी येणार नाही, त्याची नोटीस लिहायचीय."

"कोपऱ्यात लिही."

त्याने खरंच कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिली. मग माझ्या बाजूला नुसता उभा राहिला.

वहिनी पिशवी घेऊन बाजाराला निघाल्या होत्या. फळ्यापाशी थांबल्या. एकेक शब्द ओठ हलवत वाचला. बराच वेळ लागला त्यांना, आणि आम्ही दोघं तसेच ताटकळत होतो. वाचून झालं, तेव्हा त्यांनी बोट फळ्याच्या तळाशी टेकवलं.

"सगळं मोठ्या अक्षरात लिहिलंत. तुमचं नाव तेवढं बारीक का?"

मी ते हाताने पुसलं आणि तुझ्या नावाएवढं लिहिलं.